गाभाऱ्यातलं वारूळ जिवंत ठेवून सातेरीच्या देवळाचा जीर्णोद्धार कसा करावा?

वाडीकर

आमच्या गावची ग्रामदेवता सातेरी. वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यातलं गाव. मूर्ती नाही, गाभाऱ्यात वारूळच आहे. उंची साधारण साडेचार फूट, बुंध्याशी तीन फूट रुंद, वर देवीचा चांदीचा मुखवटा. भिंती जांभ्याच्या, छप्पर मंगलोरी कौलांचं, गाभाऱ्याची जमीन शेणानं सारवलेली. मंडपाचे दोन लाकडी खांब आणि वाशांची टोकं वाळवीनं पोखरली आहेत. जीर्णोद्धाराला देवीचा उजवा कौल (म्हणजे होकार) मिळाला आहे, दिवाळीनंतर काम सुरू करायचं आहे.

ठेकेदारानं जे सुचवलंय ते असं: गाभाऱ्यात ग्रॅनाइट, पायाभोवती भोकं पाडून वाळवीचं औषध, कौलं काढून स्लॅब, आणि वारुळाची माती झडू नये म्हणून त्यावर पारदर्शक लेप. एका देणगीदारांना वारुळाभोवती काचेची पेटी करून द्यायची आहे. शिवाय वारुळाच्या मागच्या बाजूला बुंध्याशी एक बीळ आहे, त्यातून नाग येतो-जातो असं गुरव सांगतात. कामगार तिथे काम करायला कचरतात.

यातलं काय करावं, काय टाळावं? जाणकारांनी नेमकं सांगावं. वारुळाला धक्का लागता कामा नये, एवढं गावानं ठरवलंय.

कीटकनोंदी

पाचही गोष्टी जशा सुचवल्यात तशा केल्या तर वारूळ वर्षा-दोन वर्षांत मरेल. वरून दिसायला तसंच दिसेल, म्हणून कुणाला कळणारही नाही. त्यामुळे आधी वारूळ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, बाकीचे निर्णय त्यातूनच सुटतात.

वारूळ मुंग्या बांधत नाहीत, साप तर नाहीच नाही. ते वाळवीचं घर. आपल्याकडची अशी उंच, बाहेरून पन्हाळीसारख्या उभ्या घड्या असलेली वारुळं बहुतेक ओडोन्टोटर्मिस या वाळवीची असतात. राणीची खोली जमिनीच्या पातळीला किंवा थोडी खाली असते. तिच्याभोवतीच्या कप्प्यांत स्पंजासारखे गोळे असतात, त्यांवर वाळवी बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळाच्या आसपास जी अळंबी उगवतात, ती याच बुरशीची. देवळाच्या आवारात ती दरवर्षी येत असतील तर खाली वसाहत नांदती आहे, असं धरायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. लाखो किडे आणि ती बुरशी मिळून सतत कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. तो बाहेर जायला या वारुळाला धुराडं नसतं. भिंत वरून दगडासारखी वाटते, पण तिला सूक्ष्म छिद्रं असतात आणि हवेची देवाणघेवाण त्या छिद्रांतूनच होते. दिवसा बाहेरच्या घड्या तापतात, आतला गाभा थंड राहतो; रात्री उलट. या फरकामुळे आतली हवा फिरत राहते. तुमच्या वारुळावर ऊन पडत नाही, म्हणजे हा फरक आधीच कमी. त्यावर पारदर्शक लेप दिला की छिद्रं बुजली. तेल, तूप, व्हार्निश, ऑइलपेंट, डिंक, सगळ्यांचा परिणाम तोच. काचेच्या पेटीत तर ओल कोंडते, काचेला आतून घाम येतो, वारुळावर पांढरी बुरशी धरते आणि माती मऊ होऊन वरची टोकं खचतात.

वाळवीच्या औषधाबद्दल: पायाभोवती भोकं पाडून सोडलेलं क्लोरपायरीफॉस किंवा तत्सम औषध मातीत वर्षानुवर्षं राहतं. वाळवीचे कामकरी किडे अन्नासाठी वारुळापासून कित्येक मीटर लांब, जमिनीखालच्या बोगद्यांतून जातात. मंडपाच्या पायात औषध सोडलं तरी ते त्याच वाटेवर असणार. देवीचं घर आणि खांब पोखरणारी वाळवी बहुधा एकच वसाहत आहे, हे लक्षात घ्या. म्हणून लाकूड वाचवायचे उपाय लाकडापाशी करायचे, मातीत नाही.

वारूळ जिवंत आहे का, हे बघायला ते फोडायची गरज नाही. पहिल्या पावसानंतर आठवडाभर रोज सकाळी विजेरी तिरकी धरून बघा. कडांना किंवा जुन्या भेगेत ओलसर, गडद, मोहरीएवढ्या मातीच्या गोळ्या नव्यानं चिकटलेल्या दिसल्या तर आत काम चालू आहे. एक-दोन दिवसांत त्या वाळून बाकीच्या रंगात मिसळतात, म्हणून रोज बघायचं.

जांभाकाम

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आता बांधकामाचं बोलतो.

ग्रॅनाइट. दगड वाईट नाही, पण तो सिमेंटवर सगळीकडे घट्ट बसवला की जमिनीतली ओल वर यायची वाट बंद होते. मग ती जिथे माती उघडी आहे तिथूनच वर येते, म्हणजे वारुळातून आणि भिंतींच्या बुंध्यातून. ग्रॅनाइट घातल्यावर तीन-चार पावसाळ्यांत जांभ्याच्या भिंतीला कमरेएवढी ओल चढते आणि चुन्याचा गिलावा पापुद्रे धरून सुटतो, ते यामुळेच. गाभाऱ्यात असं करा: वारुळाच्या बुंध्यापासून चारही बाजूंनी किमान दोन फूट जमीन मातीचीच ठेवा, आज सारवता तशीच सारवा. त्या पट्ट्याच्या कडेनं जांभ्याच्या चिऱ्याचा चार इंच उंच काठ. काठाच्या बाहेर फरशी हवीच असेल तर घडीव जांभा किंवा साधा खरबरीत दगड, चुना-वाळूत, सांधे उघडे. उतार पन्हाळीकडे, साधारण ६० फुटांना १ फूट. गाभारा लहान असतो, म्हणजे सहा फुटांत जेमतेम सव्वा इंच. गवंड्याला ओळंबा आणि पाणपातळी लावून घ्यायला सांगा, नजरेनं काढलेला उतार हटकून उलटा निघतो.

चार इंचांचा काठ कशासाठी? गाभारा धुतानाचं पाणी बुंध्याशी जाऊ नये म्हणून. फरशी झाली की लोक नळी लावून धुतात. वारूळ पावसानं खचत नाही इतकं या धुण्यानं खचतं, कारण पाऊस वरून येतो आणि वाहून जातो, हे पाणी मात्र बुंध्याशी साचून मुरतं. आत ओल्या फडक्यानं पुसणं, बाहेर पाणी, असा नियम करून दारावर लिहा.

स्लॅब नको. कौलं आणि वाशांमधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, स्लॅबखाली ती कोंडते. त्यात पावसाळ्यात स्लॅबच्या खालच्या अंगाला दमट हवेचं पाणी धरतं आणि ते नेमकं वारुळावर ठिबकतं. वासे बदला, रीपा बदला, फुटकी कौलं बदला, कोन्यांचा (छपराच्या कण्यावरच्या कौलांचा) चुना नवा भरा. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीत वर दोन जाळीच्या खिडक्या, प्रत्येकी फूट बाय नऊ इंच, आणि बाहेर निदान अडीच फूट पागोळी पुढे येईल असं छप्पर.

खांबांसाठी तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड. लाकूड मातीला किंवा फरशीला टेकलंच नाही पाहिजे. तळखडा जमिनीपासून फूटभर वर, त्यावर तांब्याचा किंवा जस्ती पत्रा. पत्र्याची कड चारी बाजूंनी दोन इंच बाहेर काढून ४५ अंशात खाली वाकवायची. वाळवी अंधारातून, मातीची नळी बांधत चढते. पत्र्याखालून ती नळी वळवून वर नेणं तिला जड जातं, आणि नेलीच तर ती उघड्यावर दिसते. महिन्यातून एकदा गुरवांनी काथ्याच्या कुंच्यानं नळ्या झाडायच्या, बस. हे फक्त तेव्हाच चालतं, जेव्हा पत्र्याला जोड नसतो. दोन तुकडे जोडून मध्ये फट राहिली की वाळवी तिथूनच वर जाते. वाशांची टोकं भिंतीत गाडू नका, भोवती इंचभर पोकळी ठेवा. नवं लाकूड साग किंवा फणस, पक्कं वाळलेलं, पांढरी साल-बाजू पूर्ण काढलेली. वाळवी आधी ती खाते.

खोदकाम: वारुळापासून सहा फुटांच्या आत जेसीबी आणूच नका, ब्रेकरही नको. खणायचंच असेल तर हातानं, दीड फुटापर्यंत, एका वेळी एकच बाजू. ती भरून दोन-तीन आठवडे गेल्यावर पुढची. चारी बाजूंचे बोगदे एकदम तुटले की वसाहतीची उपासमार होते. कामाचा काळ दिवाळी ते मेचा मधला आठवडा. मृग नक्षत्राआधी छप्पर बंद झालं नसेल तर गाभाऱ्यावर ताडपत्री नको, नारळाच्या विणलेल्या झापांचं तात्पुरतं छप्पर करा, हवा राहते.

गावऱ्हाटी

बांधकामाचं वर आलंच आहे. विधीचं आणि रोजच्या पूजेचं राहिलं, आणि वारूळ बिघडायचं मोठं कारण तिथेच असतं.

जीर्णोद्धाराला कौल मिळाला, हे बरं झालं. पण गाभाऱ्यात पहिली कुदळ पडण्याआधी वेगळा कौल लावा, नेमका प्रश्न विचारून: वारुळाभोवती किती जागा सोडायची, मुखवटा कुठे ठेवायचा, काम चालू असताना पूजा कुठे चालवायची. मोघम गाऱ्हाणं घातलं की नंतर मानकऱ्यांत वाद होतात. वारूळ हलवता येत नाही, त्यामुळे कलाकर्षण करून देवीचं तेज कलशात घेतात आणि काम होईपर्यंत पूजा कलशाची चालते. वारूळ जागेवरच, भोवती बांबूची चौकट करून सुती कापड सैल टाकून झाकायचं. प्लास्टिक नाही. चिरे कापतानाची धूळ कापडावर बसते, ते दर दोन दिवसांनी बाहेर नेऊन झटकायचं.

देऊळ पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे असेल (सिंधुदुर्गातली पुष्कळ देवळं आहेत) तर त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. स्वतंत्र न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत काय लिहिलंय ते बघा. काम निम्म्यावर अडतं ते बहुतेक याच कागदांपायी.

आता पूजा. दूध वारुळावर ओतू नये. सातेरी म्हणजे भूमी, आणि वारूळ हे तिचं रूप. नागाचं घर म्हणून आपण दूध ओततो, पण त्यानं नाग, वाळवी, कुणाचंच भलं होत नाही. दूध मातीत मुरतं, आंबतं, वास सुटतो, मुंग्या येतात. मुंगी ही वाळवीची हाडवैरी, एकदा तिनं वारुळाच्या भेगेतून वाट काढली की आत कत्तल होते. अभिषेक समोर पाषाण मांडून त्यावर करा, तीर्थ पन्हाळीतून बाहेर. नैवेद्याचं पान काठाच्या बाहेर, आणि आरती झाल्यावर तासाभरात उचलायचं. नागपंचमीला पातोळ्यांचा नैवेद्य असतो, त्यातला गूळ-खोबऱ्याचा चुरा खाली सांडतो, तो लगेच टिपून घ्या.

हळद-कुंकू वारुळावर न उधळता समोरच्या पाषाणाला लावायचं. प्रथाच असेल तर चिमूटभर, कोरडं, ठरलेल्या एका जागी. तेलाचा हात तर अजिबात नाही. समई वारुळापासून तीन फूट लांब. साडी नेसवलेली असते आणि हल्लीच्या साड्या सिंथेटिक, ठिणगीनं भपकन पेटतात. साडी सुती घ्या.

मुखवट्याचं ओझं वारुळावर नको. तीन-चार किलो चांदी वर्षानुवर्षं एकाच जागी टेकली की तिथली माती चेपते, आणि उत्सवात मुखवटा काढताना-घालताना दरवेळी थोडी सोलली जाते. पितळेची किंवा सागवानाची तिपाई करून घ्या: पाय बुंध्यापासून सहा इंच बाहेर, दगडी पाट्यावर; मागून वर येणारा दांडा, त्याला मुखवटा टांगायचा. वारूळ आणि मुखवटा यांत तीन बोटं अंतर. साडीही त्याच तिपाईवर नेसवायची, म्हणजे समोरून देवी आहे तशीच दिसते आणि वारुळाला काही टेकत नाही.

सापवाट

बिळाबद्दल. वाळवी आपल्या घराला एकही उघडं भोक ठेवत नाही, पडलं तर रातोरात लिंपते. म्हणजे बुंध्याशी कायमचं उघडं बीळ असेल तर त्या बाजूचा भाग वाळवीनं सोडलेला आहे आणि उंदीर-घुशींनी तिथे वाट केली आहे. नाग स्वतः खणत नाही, तयार बिळात शिरतो. तो तिथे येतो उंदरांमागे, आणि उंदीर येतात तांदळामागे. ओटीचे तांदूळ, नारळाच्या कवडी गाभाऱ्यात रात्रभर राहत असतील तर नागाचं येणं चालूच राहणार. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, रोज संध्याकाळी तांदूळ त्यात.

बीळ बुजवू नका. आत नाग असेल तर तो दुसरीकडून वाट काढेल, नाही तर आतच मरेल. उन्हाळ्यात मादी अशाच जागी अंडी घालून ती राखत बसते, तेव्हा तिला डिवचणं सगळ्यात धोक्याचं. धूर, रॉकेल, फिनेल, काही नको, वाळवीही मरेल. तिथे आधी येणं-जाणं आहे का ते बघा: संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी चाळलेली बारीक राख हातभर पसरा, सकाळी बघा. सरपटल्याची सलग रेघ म्हणजे साप, बारीक पंजे म्हणजे उंदीर. काम सुरू व्हायच्या दिवशी साप आत आहे असं वाटलं तर वन विभागाला १९२६ वर कळवा. नाग वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडून ठेवणं, दर्शनासाठी मडक्यात ठेवणं, तोंडाशी दूध धरणं, हे सगळं गुन्ह्यात येतं. साप दूध पचवू शकत नाही. तहानेनं व्याकूळ असला तरच तो ते पितो.

कामगारांना खरं भय नागापेक्षा फुरशाचं आहे. आपल्याकडे कातळावर, चिऱ्यांत फुरशी फार. चिऱ्यांचा ढीग जमिनीवर रचला की आठवड्याभरात खाली फुरसं असू शकतं. ढीग दोन आडव्या ओंडक्यांवर, जमिनीपासून वीतभर वर रचा. चिरा उचलताना बोटं खाली घालण्याआधी पहारीनं पुढून तिरका करा. घोट्याच्या वरपर्यंत बूट. सप्ताहाला किंवा जत्रेत दशावतार बघून लोक मंडपातच जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, एवढंच दिसतं. खाली नीट खोचलेली मच्छरदाणी लावूनच झोपा.

दंश झालाच तर: माणसाला हलू द्यायचं नाही, दंशाचा हातपाय फळी बांधून स्थिर, अंगठी-कडं-पैंजण काढून टाका. करकचून दोरी नाही, दंशावर चीर देणं नाही, चोखणं नाही. १०८ ला फोन आणि सरळ प्रतिविष मिळणारं रुग्णालय. काम सुरू होण्याआधीच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविषाच्या कुप्या आहेत का, ते विचारून ठेवा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर प्रतिविष एकच आहे.

वाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काचेच्या पेटीऐवजी तिपाई आणि वासे, असं देणगीदारांना सांगून बघतो. दोन प्रश्न राहिले. मागच्या बाजूचा भाग मृत असेल तर तिथली माती झडते ती कशी थांबवायची? आणि आवारात पेव्हर ब्लॉक घालायचा ठराव आहे, त्याचं काय?

जांभाकाम

मृत भागाला हात लावता येतो, पण सिमेंट, फेविकॉल, चुना काही नाही. सिमेंट मातीपेक्षा कडक, ते आपला पापुद्रा धरून बाजूला सुटतं आणि सोबत वारुळाचा कपचा घेऊन येतं. खाली पडलेली वारुळाचीच माती गोळा करा. पिठाच्या चाळणीनं चाळा, रात्रभर भिजत घाला, लोण्यासारखी मळा. भेग आधी ओल्या सुती फडक्यानं नुसती टिपायची, भिजवायची नाही. मग बोटानं माती दाबून भरा, एका वेळी अर्धा इंचाहून जाड थर नको. सावलीत पूर्ण वाळल्यावर दुसरा. वाळताना तडे गेले तर माती फार चिकट आहे. चार भाग मातीला एक भाग बारीक नदीची वाळू मिसळा. जिवंत बाजूच्या भेगा मात्र तशाच सोडा, त्यांची डागडुजी वाळवीच करते.

कीटकनोंदी

पेव्हर ब्लॉक दारापासून मंडपापर्यंतच्या वाटेवर घाला, बाकी आवार मातीचं राहू दे. झाडांखालचा पालापाचोळा, वाळकी काटकी हेच वारुळाचं अन्न. आवार झाडून पाला जाळला आणि वर ब्लॉक बसवले की वाळवीला खायला एकच गोष्ट उरते, तुमचे खांब. मागे देवराई असेल तर तिथला पाला मुळीच उचलू नका, आणि अळंबी खणून मुळासकट काढू नका.

आणखी एक. पहिल्या मोठ्या पावसानंतर एक-दोन संध्याकाळी वारुळातून पंखवाली वाळवी झुंडीनं उडते. तेव्हा गाभाऱ्यातली ट्यूबलाइट लावलेली असली की सगळे पंखी दिव्याखाली पडून मरतात आणि सकाळी पंखांचा सडा झाडून काढावा लागतो. त्या दोन संध्याकाळी फक्त समई ठेवा, दार आणि जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवा.